राजवाड्यावर उत्सव करायचाय? मग नियोजन शेवटच्या रांगेपासून सुरू करा

इंदूरमध्ये काहीही आनंदाचं झालं की लोकांचे पाय आपोआप राजवाड्याकडे, म्हणजे होळकरांच्या जुन्या वाड्यासमोरच्या चौकाकडे वळतात. २०११ चा वर्ल्ड कप असो की २०२४ चा टी-ट्वेंटीवाला, रात्री अख्खं शहर तिथेच. रंगपंचमीची गेर म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक तिथून जाते, अनंत चतुर्दशीला कापड मिलांच्या झांक्या म्हणजे चित्ररथ तिथून जातात, होळकरांची होळी तिथेच पेटते. त्यामुळे आपल्या मराठी मंडळांपैकी कुणालाही वाटतं की पाडवा किंवा अहिल्या जयंती यंदा हॉलमध्ये न करता चौकातच करूया, आणि वाटायलाच पाहिजे, कारण हॉलमध्ये आपले आपणच येतो पण चौकात सिंधी, गुजराती, बोहरा, माळवी सगळे थांबून बघतात आणि मग तो उत्सव शहराचा होतो.

पण चौकात करायचं म्हणजे हॉलच्याच कार्यक्रमाला मोठं स्टेज लावणं नव्हे. उत्सव चांगला झाला की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो, शेवटच्या रांगेत नातवाचा हात धरून उभ्या असलेल्या आजींना दिसलं का, ऐकू आलं का, टेकायला जागा मिळाली का, आणि त्या धडपणे घरी पोचल्या का. खाली जे लिहिलंय ते सगळं ह्याच हिशोबाने लिहिलंय. उदाहरण मुख्यतः पाडव्याच्या पहाटेचं घेतलंय, बाकी कार्यक्रमांना थोडाफार फरक करून चालेल.

तारीख आणि वेळ, हे आधी

पाडवा एकटा येत नाही. त्याच दिवशी चैत्र नवरात्र बसतं, त्याच नाहीतर दुसऱ्या दिवशी चेटीचंड म्हणजे सिंधी समाजाचा मोठा दिवस, तिसऱ्या दिवशी गणगौर, मग रामनवमी, महावीर जयंती. शिवाय रंगपंचमी होऊन जेमतेम दहा-अकरा दिवस झालेले असतात. कुठल्या वर्षी रमजानही ह्याच सुमारास असतो, तेव्हा इफ्तारची आणि नमाजाची वेळ पाहून घ्या, इमामवाडा राजवाड्याला लागूनच आहे. तर पहिलं काम म्हणजे बाकीच्या समाजांच्या लोकांना भेटणं, तेही परमिशनचा अर्ज देण्याआधी. चेटीचंडवाल्यांचं स्टेज आदल्या दिवशीच लागणार असेल तर एकच स्टेज दोघांनी वापरावं, खर्च अर्धा होतो आणि ओळखी होतात त्या वेगळ्याच.

वेळ सकाळचीच ठेवा. मार्चमध्ये सूर्योदय साधारण साडेसहाला होतो आणि लाऊडस्पीकरवरची रात्रीची बंदी सकाळी ६ ला संपते, म्हणजे सूर्याला अर्घ्य, गुढी, पाऊण तास गाणं, प्रसाद, आणि ९ च्या आत आटोपतं. बाजार उघडायच्या आधी चौक मोकळा मिळतो, दुकानदारांचा धंदा बुडत नाही, ऊन नाही. अहिल्याबाईंची जयंती ३१ मे ची, तेव्हा इंदूरमध्ये पारा चाळीसच्या आसपास असतो, तिथे तर सकाळ नाहीतर संध्याकाळी साडेसहानंतर, मधली वेळ विसरा. भर दुपारी शाळेच्या मुलांना लेझीमच्या ड्रेसमध्ये उभं करणं म्हणजे अन्याय आहे, पाहुण्यांना तीच वेळ सोयीची असली तरी.

परमिशन

इंदूरमध्ये डिसेंबर २०२१ पासून पोलीस कमिश्नर पद्धत आहे, त्यामुळे पूर्वी एसडीएमकडे (प्रांताधिकाऱ्याकडे) जायच्या तशा बऱ्याच परवानग्या आता पोलिसांच्याच ऑफिसातून होतात. कुठला कागद कुठे द्यायचा हे थान्यात जाऊनच विचारा आणि अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या. साधारण लागतात ते असे: पोलीस आणि ट्रॅफिक, नगर निगम (जागा, सफाई, चलित शौचालय, पाण्याचा टँकर), फायर, आणि वीज कंपनीचं टेम्पररी कनेक्शन. बाजूच्या दुकानातून वायर ओढून काम भागवू नका. कार्यक्रमाच्या आठवड्यात कलम १६३ चा (आधीचं १४४, जमावबंदीवालं) काही आदेश लागू आहे का ते पुन्हा एकदा बघा, सणासुदीला असे आदेश निघतात. बोर्डाच्या परीक्षा चालू असतील तर स्पीकरवर जास्त कडक बंधनं येतात, तेही धरून चला.

अर्जासोबत हाताने काढलेला का होईना पण नकाशा जोडा. स्टेज कुठे, रांगोळी कुठे, अँब्युलन्स कुठून आत येणार, लोक कुठून बाहेर जाणार. नकाशा असला की साहेब लोक पण गंभीरपणे बोलतात, आणि खरं सांगायचं तर तो काढताना आपल्यालाच कळतं की अर्ध्या गोष्टी ठरवलेल्याच नाहीत.

किती माणसं, हे मोजून ठरवा

"येतील हजार-दोन हजार" असं चालत नाही. टेप घेऊन जा आणि जागा मोजा. समजा तुम्हाला ४० बाय २५ मीटरची जागा मिळाली, म्हणजे १००० चौरस मीटर. त्यातून स्टेजचे ५०, रांगोळीचे १००, आणि अँब्युलन्स-फायरच्या गाडीसाठी साडेचार मीटर रुंद पट्टा लांबीभर मोकळा म्हणजे १८० वजा करा. उरले ६७०. एका चौरस मीटरमध्ये दोन माणसं असली की लोक आरामात उभे राहतात, लहान मूल खाली बसू शकतं, माणूस मधून बाहेर निघू शकतो. म्हणजे साधारण १३४०. चार झाली की धक्के लागायला लागतात, पाचच्या वर गेलं की माणूस स्वतःच्या मर्जीने हलूच शकत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो, आणि चेंगराचेंगरी तिथूनच सुरू होते. म्हणून १३४० च्या जागेत हजारच माणसं येतील असा कार्यक्रम आखा.

आता बाहेर जायचं गणित. सपाट रस्त्यावर एक मीटर रुंदीतून मिनिटाला फार तर ८० माणसं निघतात, आपल्याकडे पिशव्या, लेकरं, म्हातारी माणसं धरून ६० च धरा. तीन-तीन मीटरची तीन तोंडं मोकळी असतील तर मिनिटाला ५४० म्हणजे अडीच मिनिटांत चौक रिकामा. एकच तोंड मोकळं ठेवलं तर साडेसात मिनिटं लागतात, आणि घाबरलेल्या गर्दीत साडेसात मिनिटं फार मोठी असतात. त्यामुळे खजुरी बाजार, सराफा, यशवंत रोड, कृष्णपुऱ्याची बाजू, जी तोंडं तुमच्या नकाशात येतात तिथे एकही ठेला, एकही जनरेटर, एकही साऊंडवाल्याची गाडी उभी राहू देऊ नका. व्हीआयपींची गाडीसुद्धा नाही, ह्यात अजिबात मुलाहिजा नको.

४ जून २०२५ ला बंगळूरला आयपीएलच्या विजयाच्या जल्लोषात चेंगराचेंगरीत ११ जण दगावले, ते स्टेडियमच्या आत नाही, गेटांबाहेर. आत कोणाला सोडणार, कुठून सोडणार, हे लोकांना स्पष्ट माहीत नसलं की गर्दी दारावर साचते. त्यावरून आपल्यासाठी दोन गोष्टी. एक, चौकातल्या कार्यक्रमाला पास ठेवूच नका. दोन, "पहिल्या शंभर जणांना भेटवस्तू" असली घोषणा चुकूनही करू नका, फुकट टोपी वाटायला स्टेजवरून फेकणं तर नाहीच नाही.

पायाखाली आणि डोक्यावर काय आहे

हा मुद्दा इंदूरकरांनी तरी कधी सोडू नये. ३० मार्च २०२३ ला रामनवमीच्या दिवशी स्नेहनगर भागातल्या बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवर म्हणजे जुन्या विहिरीवर टाकलेला स्लॅब हवनाच्या वेळी खचला आणि ३६ माणसं गेली. पूजेला बसलेली माणसं होती ती, त्यांना कल्पनाही नव्हती की खाली बावडी आहे. जुन्या शहरात कुठे बुजवलेली विहीर, कुठे नाल्यावरची फरशी, कुठे चेंबरची झाकणं, हे वरून दिसत नाही. निगमच्या झोन ऑफिसमधून आणि तिथल्या जुन्या दुकानदारांकडून दोन्हीकडून माहिती काढा, कारण म्हाताऱ्या दुकानदाराला जे माहीत असतं ते फाइलीत नसतं. चेंबर आणि फरशीच्या जागा खडूने आखा, तिथे स्टेजचा पाय, जनरेटर, पाण्याची टाकी ठेवायची नाही. ५०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे पाचशे किलो वजन एका कोपऱ्यात.

तसंच वर बघा. आजूबाजूच्या जुन्या घरांच्या गॅलऱ्या, सज्जे, गच्च्या. गेरीच्या दिवशी तिथे केवढी माणसं उभी असतात ते सगळ्यांनी पाहिलंय. घरमालकांशी आधी बोलून ठेवा की लाकडी सज्जावर गर्दी करू नका. राजवाड्याच्या वास्तूला तर काहीच बांधायचं नाही. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, १९८४ च्या दंगलीतल्या आगीत केवढं जळलं ते घराघरात माहीत आहे, त्या दरवाज्याला बॅनर नाही, खिळा नाही, जवळपास फटाका तर अजिबात नाही. बॅनर हवाच असेल तर कापडी, वेगळ्या बांबूवर.

साऊंड: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

चौकातले नव्वद टक्के कार्यक्रम साऊंडमध्ये बिघडतात असं माझं प्रामाणिक मत आहे. स्टेजच्या दोन बाजूंना स्पीकरच्या भिंती उभ्या करतात, पुढच्या पोरांचे कान फाटतात आणि मागे आजींना नुसता धपधप आवाज, शब्द एकही नाही.

आधी नियम समजून घ्या. २००० सालच्या ध्वनी नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल, रहिवासी भागात ५५ आणि ४५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा फार तर १० जास्त किंवा ७५, जे कमी असेल ते. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, हॉस्पिटल, शाळा, कोर्ट ह्यांच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र.

आता प्रॅक्टिकल. उघड्यावर एका स्पीकरपासून अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबल उतरतो. म्हणजे ३० मीटरवर ७५ पाहिजे असतील तर पावणेचार मीटरवर ९३ होतात, आणि तिथे लहान मुलं बसलेली असतात! म्हणून उपाय एकच, दोन मोठ्यांच्या ऐवजी सहा-आठ छोटे स्पीकर, चौकात दोन्ही बाजूंना खांबांवर, आठ-नऊ फूट उंचीवर, तोंड किंचित खाली लोकांकडे केलेलं, दुकानांकडे किंवा राजवाड्याच्या भिंतीकडे नाही कारण भिंतीवरून आवाज परततो आणि शब्द चिकटतात. मागच्या स्पीकरना डिले द्यायला सांगा, म्हणजे त्यांचा आवाज किंचित उशिरा सुटेल. दर मीटरला साधारण ३ मिलीसेकंद, म्हणजे ३० मीटर मागच्याला ९० च्या जवळपास. हे नाही केलं तर मागच्या माणसाला एकच शब्द दोनदा ऐकू येतो. साऊंडवाले भिया "काही गरज नाही" म्हणतील, तरी आग्रह धरा, आजकालच्या मिक्सरमध्ये ही सोय बहुतेक असतेच.

मग टेस्ट. आदल्या दिवशी संध्याकाळी परवानगीच्या वेळेत एका जणाने स्टेजवर उभं राहून पेपरमधली कुठलीही बातमी साध्या आवाजात वाचायची, गाणं लावून टेस्ट करायची नाही कारण गाणं सगळ्यांना पाठ असतं, न ऐकताही ऐकू येतं. दुसऱ्याने चौकाच्या प्रत्येक कोपऱ्यात जाऊन ऐकलेली ओळ कागदावर लिहायची. सराफ्याच्या तोंडाशी उभं राहून लिहिलेली ओळ आणि वाचलेली ओळ जुळली की साऊंड पास. शक्य असेल तर मंडळातल्या साठीच्या पुढच्या कुणालातरी ह्या कामाला न्या, तरण्या कानांवर भरवसा ठेवू नका. मोबाइलवरचं डेसिबल मीटर अंदाजापुरतं ठीक, मात्र हद्दीवरची मोजणी ढोल वाजत असतानाच करा.

ढोल-ताशा पथकाचं वेगळं सांगतो. त्याला माइक लागतच नाही. पथक स्टेजसमोर उभं न करता मिरवणुकीत चालतं ठेवा, चौकात दहा मिनिटं आणि बंद. वाजवणाऱ्या मुलामुलींना कानाचे बोळे द्या, स्वस्त मिळतात.

गुढी आणि रांगोळी

चौकातली गुढी उंच हवी हे खरं, पण वीस फुटी बांबू हातात घेतला की आधी वर तारा बघा. बांबूचा बुंधा वाळूने भरलेल्या ड्रममध्ये, तीन बाजूंना दोर ताणून, आणि दोरांना फडकी बांधा म्हणजे कुणी अडखळणार नाही. कलश पक्का बांधा, वाऱ्याने डोक्यात पडता कामा नये. आणि गुढी संध्याकाळी उतरवायला कोण येणार त्याचं नाव आत्ताच लिहून ठेवा, सकाळी फोटोला पन्नास जण असतात आणि सूर्यास्ताला गुढीपाशी कोणी नसतं, हे फार वाईट दिसतं.

रांगोळीसाठी आदल्या रात्री जागा धुऊन पूर्ण वाळू द्या. रंगपंचमीचा गुलाल डांबराच्या खाचांमध्ये बसलेला असतो, ओल्या जागेवर रांगोळी टाकली की तो वर येतो आणि पांढरी रेघ गुलाबी होते. सुतळीला खडू लावून चौकटी पाडा, मग दोघी-तिघींनी मधून बाहेर काम करत यायचं, बाहेरून आत गेलात तर स्वतःचीच रेघ तुडवून बाहेर यावं लागतं. काठापासून दीड-दोन फुटांवर कमरेइतक्या उंचीचा दोर, आणि बघणाऱ्यांची चाल एकाच दिशेने, नाहीतर सेल्फीवाले समोरासमोर येऊन तिथेच कोंडी होते. संपल्यावर आधी कोरडा झाडू, पाणी नंतर. आधी पाणी मारलंत तर रंगाचा चिखल गटारात जातो आणि डाग राहतो तो राहतोच.

पाणी, शौचालय, बसणं, खाणं

दोन-अडीच तासांच्या कार्यक्रमाला माणशी अर्धा लिटर पाणी धरा, हजार माणसांना ५०० लिटर, मे महिन्यात दुप्पट. शौचालयं बायकांसाठी पुरुषांपेक्षा दुप्पट मागा, आणि ती उजेडात, स्टेजच्या मागे अंधारात नाही. ह्या एका गोष्टीमुळे कितीतरी बायका कार्यक्रम अर्धा सोडून जातात आणि आयोजकांना कळतही नाही.

खुर्च्या पुढे पाहुण्यांना आणि मागे सगळे उभे, ही पद्धत मोडा. पुढे जमिनीवर सतरंज्या मुलांसाठी, दोन्ही कडांना खुर्च्या वयस्कर आणि गरोदर बायकांसाठी, मध्ये उभे राहणारे. कडेला असल्या की आजींना मध्येच उठून जाता येतं. स्टेज चार-पाच फूट उंच ठेवा, पुढे मुलं बसलेली असली की मागून सहज दिसतं.

प्रसाद साधाच, कडुनिंबाचा मोहर, गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, जिरं, हिंग, द्रोणातून, चार वेगवेगळ्या ठिकाणी वाटायचा म्हणजे एका टेबलावर झुंबड नाही. श्रीखंड आणू नका, उन्हात दुधाच्या पदार्थाची जबाबदारी कोण घेणार? नाश्त्याला पोहे-जलेबी तिथल्याच ठेलेवाल्यांना सांगा, आधी बोलून, आगाऊ देऊन. कार्यक्रमासाठी त्यांना हाकलून देऊन बाहेरचा केटरर बसवणं मला अजिबात पटत नाही. प्लास्टिकच्या प्लेटा, ग्लास, चमचे आणि सजावटीचं थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंदच आहे.

माणसं आणि माइक

दर पन्नास माणसांमागे एक स्वयंसेवक धरा, एका रंगाचा दुपट्टा, आणि प्रत्येकाला एकच काम. एक जण फक्त माइकपाशी, ज्याला कार्यक्रम मध्येच थांबवून सूचना द्यायचा अधिकार आहे, गायक कितीही मोठा असो. सूचना हिंदी आणि मराठी दोन्हीत, आणि शब्द आधीच लिहून ठेवलेले. "पळू नका" म्हणण्यापेक्षा "डावीकडून कृष्णपुऱ्याच्या बाजूने हळूहळू चला" असं सांगा, लोकांना काय करायचं ते कळलं पाहिजे. मूल हरवलं तर भेटायची जागा अहिल्याबाईंचा पुतळा, हे दर पंधरा मिनिटांनी सांगत राहा, नवख्या माणसालाही तो सापडतो. मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवायला सांगा, छातीवर नाव लावू नका कारण नाव घेऊन कोणीही हाक मारू शकतो. ११२ आणि १०८ हे नंबर स्वयंसेवकांच्या मोबाइलमध्ये आधीच सेव्ह असू द्या.

आणि भाषणं. तीन, प्रत्येकी चार मिनिटं, बस्स. पाहुणे उशिरा आले तर कार्यक्रम त्यांच्यासाठी थांबत नाही, हे निमंत्रण देतानाच हात जोडून स्पष्ट सांगा. सूर्य काही पाहुण्यांसाठी थांबत नाही, अर्घ्य वेळेवरच द्यायचं. हारतुरे आणि सत्काराने चौकातली गर्दी जेवढी पातळ होते तेवढी उन्हानेही होत नाही.

अचानक जमलेली गर्दी

मॅच जिंकल्यावर जी गर्दी जमते तिला आयोजकच नसतो, म्हणून तिथे प्रत्येकाने थोडं सांभाळायचं. बाइक चौकाच्या बऱ्याच आधी लावून पायी या. लेकरांना खांद्यावर घेऊन मध्यभागी जाऊ नका, कडेला उभे राहा, जिथून गल्ली दिसते. हातात फटाका पेटवणाऱ्याला तिथल्या तिथे चार जणांनी मिळून थांबवा. छातीवर दाब यायला लागला तर हात छातीसमोर धरून तिरके तिरके कडेला सरका, गर्दीच्या विरुद्ध ढकलू नका, आणि खाली पडलेली वस्तू उचलायला वाकू नका, मोबाइल असला तरी.

संपल्यानंतर

लोक घरी जाईपर्यंत कार्यक्रम संपलेला नसतो. शेवटचं गाणं हळू, शांत ठेवा, सगळे एकदम उठत नाहीत. संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर दिवे निदान अर्धा तास चालू.

गेर झाल्यावर निगमचे लोक काही तासांत रस्ता चकाचक करतात त्याचं सगळ्या देशाला कौतुक आहे, पण ती माणसं आपल्या कार्यक्रमानंतर वाकून आपलेच द्रोण उचलणार असतील तर ते आपल्याला शोभत नाही. ओला, सुका वेगळा, चार-चार डब्यांचे कोपरे आधीच लावा, प्रत्येकाशी एक माणूस, आणि शेवटी मंडळातल्या सगळ्यांनी, अध्यक्षांसकट, झाडू घ्यायचा. ओला कचरा नीट वेगळा दिलात तर तो देवगुराडियाच्या गोबरधन प्लांटमध्ये गॅस बनवायला जातो, त्यात प्लास्टिकचा चमचा गेला की सगळ्यांचीच पंचाईत.

आठ दिवसांच्या आत बैठक घ्या आणि तिला मंडळाबाहेरचे चार जण बोलवा: एक दुकानदार, एक ठेलेवाला, एक सफाई कामगार, आणि मागच्या रांगेत उभी असलेली कुणीतरी बाई. त्यांना आधी बोलू द्या, मध्ये खुलासे करू नका, नुसतं लिहून घ्या. मग हिशोब वाचा, आणि ठेलेवाल्यांचे, साऊंडवाल्याचे राहिलेले पैसे त्याच बैठकीत चुकते करा.